कोकणातलं ऊन, खारा वारा आणि रस्त्याची धूळ : त्वचेच्या बाबतीत या चुका टाळा

कोकणात उन्हाचा अंदाज घामावरून बांधतात. अंग चिकचिकलं, बनियन पाठीला चिकटलं की ऊन ‘कडक’. वारा सुटला, मळभ आलं की ‘आज काय ऊन नाही’. त्वचेच्या निम्म्या तक्रारी या अंदाजातून सुरू होतात. कातडी रापवणारे, वांग वाढवणारे, अकाली सुरकुत्या पाडणारे अतिनील किरण अंगाला गरम लागतच नाहीत. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की वाऱ्यामुळे बरं वाटतं, पण त्या वाऱ्याने हे किरण तसूभरही कमी होत नाहीत. उलट गार वाटतं म्हणून माणूस तिथेच उभा राहतो.

मळभ बघून निर्धास्त होणं

रत्नागिरीच्या बरोबर डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो. एकदा मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मे महिन्यातल्या उन्हाची सगळ्यांनाच धास्ती असते. ऑगस्टचं ऊन ढगाआड असतं, म्हणून ते कोणाच्या खिजगणतीत नसतं. काळाकुट्ट ढग आणि धो धो पाऊस असेल तर ठीक, पण पातळ ढगांमधून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. श्रावणातली उघडीप तर विचारूच नका. शेतात दिवसभर वाकून बेणणी करणाऱ्या, म्हणजे तण काढणाऱ्या बाईची मान तेव्हा सरळ सूर्याला सामोरी असते. जुनं इरलं पाऊस आणि ऊन दोन्ही अडवायचं. त्याच्या जागी आलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद फक्त पाऊस अडवतो.

ऊन निघालेलं असेल तर सोपी खूण आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत असं समजायचं. साधारण दहा ते चार.

काचेचंही तसंच. अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार अंगावर येतात. साध्या काचेतून यूव्हीबी किरण फारसे येत नाहीत, त्यामुळे कातडी भाजल्यासारखी लाल होत नाही. पण खोलवर जाणारे यूव्हीए बऱ्यापैकी आत येतात. रोज एसटीत एकाच बाजूच्या खिडकीशी बसणाऱ्याचा किंवा गाडी चालवणाऱ्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा काळवंडतो तो त्यामुळेच.

सुरूच्या बनात बसलो, म्हणजे सावलीत बसलो?

किनाऱ्यावर सुरूची झाडं असतात आणि पाहुणे चटई अंथरतात ती तिथेच. पण सुरूची सावली विरळ. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्क्यांच्या आसपास अतिनील किरण परतवतो, म्हणजे मारा खालूनही होतो. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला ऊन कसं लागलं, याचं उत्तर इथे आहे. दाट आंब्याची किंवा कौलारू पडवीची सावली केव्हाही बरी.

पाण्यात उतरताना पातळ पांढरा टी-शर्ट घालणं हीदेखील जवळपास फसवणूकच, कारण ओलं झालेलं पातळ सुती कापड आधीपेक्षा जास्त किरण आत सोडतं. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, पूर्ण बाह्यांचं कापड घ्या.

सनस्क्रीन लावूनही काळवंडतं, कारण…

बहुतेक वेळा कारण एकच : फार थोडं लावलेलं असतं. डबीवरचा एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडतं त्याचा आकडा, चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजतात. आपण वाटाण्याएवढं घेऊन चेहरा, मान, उरलंसुरलं कानाला अशी वाटणी करतो. चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेली रेघ, इतकं लागतं. एसपीएफ ३० नीट लावलं तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडतात, एसपीएफ ५० ने ९८. त्या एका टक्क्यासाठी महाग ट्यूब घेऊन ती काटकसरीने वापरण्यात काहीच हशील नाही. एसपीएफचा आकडा यूव्हीबीपुरता असतो. यूव्हीएसाठी शेजारी पीए+++ किंवा त्याहून जास्त अधिकची चिन्हं आहेत का ते पाहा.

आपल्या दमट हवेत घामाने ते ओघळतं, म्हणून बाहेर असाल तर दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर, टॉवेलने पुसल्यावर पुन्हा लावायचं. डोळ्यांत झोंबत असेल तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं लावून बघा. पुरळ उठत असेल तर तेलकट क्रीम सोडून जेल घ्या. ज्यांना वांग आहेत त्यांनी मातकट रंगाची छटा असलेलं घ्यावं. सावळ्या त्वचेवर साधा दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो आणि त्या छटेतलं आयर्न ऑक्साइड तो अडवतं.

हिशेब केला तर उघड्या सगळ्या अंगाला एका वेळी ३० मिलिलिटरच्या आसपास लागेल. रोज शेतात किंवा होडीवर जाणाऱ्याला हे परवडणारं नाही, आणि गरजही नाही. माझं मत विचाराल तर आधी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, गळ्याभोवती पंचा. ट्यूब फक्त जे उघडं राहतं त्यासाठी. आणि ती स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने खराब होते.

नारळाचं तेल चोपडून उन्हात जाणं हा घरोघरचा प्रकार. तेलाने अडतं ते नाममात्र. रात्री हातापायांना लावा, उत्तम. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर तिथे तेवढं टाळा.

लिंबाचा हात आणि ऊन

ही चूक चूक म्हणून कोणी ओळखतच नाही. बांगडे साफ केले, हाताचा वास जावा म्हणून लिंबाची फोड चोळली, हात वरवर विसळले आणि आमसुलं परतायला अंगणात गेलं. एक-दोन दिवसांनी बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर लाल चट्टे, कधी फोडही येतात, आणि मग ओघळ आल्यासारखे तपकिरी पट्टे दिसतात. लिंबाच्या सालीत आणि रसात असलेली फ्युरोकुमारिनं ही रसायनं यूव्हीए किरण मिळाले की कातडी पोळतात. मध्ये दिवस गेल्यामुळे लिंबाचा संशय येत नाही, ‘काहीतरी चावलं’ म्हणून हळद लागते. डाग जायला आठवडे, कधी महिने लागतात. लिंबू चोळायचंच तर नंतर हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. चेहऱ्याला लिंबू-बेसनाचा लेप लावून बाहेर पडणाऱ्यांनीही हे वाचावं.

धूळ घासून काढणं

प्रदूषण मुंबईत, आपल्याकडे शुद्ध हवा, असं म्हणण्याचे दिवस सरले. मुंबई-गोवा महामार्गाची धूळ, चिऱ्याच्या खाणीवरचा लाल भुरका, डंपरचा काळा धूर आणि घरातली चूल हे सगळं चेहऱ्यावर बसतं. जर्मनीतल्या रूहर भागातल्या स्त्रियांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाहनांच्या धुराचा आणि कपाळ-गालांवरच्या काळ्या डागांचा संबंध दाखवतो. धुरातले काही घटक उन्हासोबत जास्त त्रास देतात.

पण घरी आल्यावर कपड्याच्या साबणाने किंवा खरखरीत काथ्याने खसाखसा घासणं हा उपाय नव्हे. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साबण अल्कधर्मी. रोजच्या घासण्याने वरचा संरक्षक थर फाटतो, मग धूळ आणि खार दोन्ही जास्त झोंबतात. संध्याकाळी एकदा सौम्य फेसवॉश, बोटांनीच, आणि ओलसर चेहऱ्यावर हलकं मॉइश्चरायझर. समुद्रात डुंबून आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवा, मीठ अंगावर वाळू देऊ नका.

मेडिकलमधली गोरेपणाची ट्यूब

काळे डाग दाखवले की काउंटरवरून ट्यूब मिळते. आठवड्यात चेहरा उजळतो, सगळे खूश. बऱ्याचदा तिच्यात स्टेरॉइड असतं. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस उगवतात, उन्हात उभं राहवत नाही आणि ट्यूब थांबवली की आग आग होते. बराच काळ लावत असाल तर एकदम बंद करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पावसाळ्यात नायट्यावर हीच ट्यूब चोळली तर खाज थांबते आणि नायटा पसरतो.

पावसाळ्यात लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) बचावासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. त्या घेताना काही जणांची त्वचा उन्हाला नेहमीपेक्षा लवकर पोळते. गोळी मनाने बंद करू नका, लेप्टो जीव घेऊ शकतो. शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि चेहरा-हात लाल होऊन चुरचुरले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळीचं नाव घेऊन सांगा.