एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारआधी: मिसूरीत रानटर्कीच्या शिकारीची तयारी

आधी कागदपत्रं. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात टर्कीच्या शिकारीचा वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो आणि तीन आठवड्यांत संपतो. म्हणून हंटर एज्युकेशनचा कोर्स फेब्रुवारीतच उरकून घ्यावा; १ जानेवारी १९६७ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी तो सहसा लागतोच. इथल्या आपल्या मराठी मंडळींतले बरेच जण एच-वन-बी किंवा तशाच एखाद्या व्हिसावर असतात, त्यांनी इथे जरा थांबावं. अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, आणि राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी परवाना, आणि मगच मित्राची बंदूक हातात घेऊन रेंजवर जाणं. उलट क्रमाने गेलात तर तिथेच गुन्हा घडतो, आणि तो पुढे व्हिसाच्या मुळावर येतो. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. यात अंदाजाने वागू नका.

मिसूरीचं कॉन्झर्व्हेशन डिपार्टमेंट दरवर्षी टर्कीच्या नियमांची पुस्तिका काढतं. ती पहिल्या पानापासून वाचावी, कारण नियम अधूनमधून बदलतात. ढोबळ चौकट अशी: नर किंवा छातीवर दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुबका, असलेलाच पक्षी मारायचा. हंगामात दोन मिळतात, पण पहिल्या आठवड्यात एकच. काडतुसातले छर्रे चार नंबरपेक्षा मोठे नकोत (नंबर जितका मोठा, छर्रा तितका बारीक). ध्वनिमुद्रित आवाज वाजवून बोलावणं बंद. दाणे टाकलेल्या जागी बसणं बंद, आणि दाणे पूर्ण उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा दाणे टाकलेलीच धरली जाते. सार्वजनिक जमिनीवर दुपारी एकला थांबायचं. कायदा काही दाढीवाल्या माद्याही मारू देतो, कारण थोड्या माद्यांना दाढी येते. माझं स्पष्ट मत आहे की त्यांना सोडून द्यावं. ती मादी त्याच वसंतात जमिनीवरच्या घरट्यात दहा-बारा अंडी घालून २८ दिवस उबवणार असते.

हा पक्षी एकदा जवळजवळ संपला होता, ही गोष्ट तयारीतच धरावी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिसूरीत ओझार्क्सच्या डोंगरांत थोडेसे उरले होते. पेक रँचसारख्या राखीव रानांत जाळ्या उडवून पक्षी पकडले, दुसऱ्या काउंट्यांत नेऊन सोडले, आणि १९६०मध्ये पहिल्यांदा पुन्हा हंगाम उघडता आला. बंदुका आणि काडतुसांवरचा जो अबकारी कर १९३७च्या कायद्यापासून वन्यजीवांसाठी राखून ठेवला जातो, तो तुम्हीही काडतुसांचा डबा घेताना भरता.

आता खरं काम. मार्चच्या मध्यापासून उजाडायच्या आत रानाच्या कडेला जाऊन उभं राहायचं आणि ऐकायचं. हातात फक्त पेन्सिल आणि नकाशा, किंवा फोनवर जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप. नर टर्की रात्र झाडावर काढतात. ओढ्याकाठचे जुने ओक आणि सिकॅमोर हे त्यांचे आवडते रातथारे. सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी ते वरूनच गॉबल करायला, म्हणजे नराची ती खास खळखळती हाक द्यायला लागतात. आवाज कुठून आला, उतरल्यावर कुठे सरकला, कुठे थांबला, एवढं टिपत राहा. हंगामाआधी टर्कीचा कॉल, म्हणजे तिच्या आवाजाची नक्कल, रानात वाजवू नका. पक्ष्याला फसवणुकीची ओळख आधीच का करून द्यायची? गप्प बसलेल्या नराकडून आवाज काढायचाच असेल तर घुबडाची किंवा कावळ्याची शिट्टी वाजवा. बार्ड आउल या इथल्या घुबडाचं आठ ठोक्यांचं घूत्कारणं ऐकून नर चिडल्यासारखा उत्तर देतो.

दिवस वर आला की जमीन वाचायची. नराची विष्ठा इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली, मादीची गोळा झालेली. धूळवाटेवर तीन बोटांचा मोठा ठसा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पंखांच्या टोकांनी ओढलेल्या समांतर रेघा दिसल्या, तर तिथे नर पिसारा फुलवून फिरतो. अशी जागा सापडली की तिच्यावर जीव टाका. टर्कीच्या शिकारीत आवाज काढण्याचं कौतुक फार होतं, दुकानं त्यावरच चालतात. पण नर जिथे जायचाच आहे तिथे तुम्ही आधीपासून बसलेले असाल, तर मोडकातोडका कॉलही पुरतो. आणि त्याला जायचं नसलेल्या जागी बसलात, तर कॉल वाजवण्यात नावाजलेला माणूसही हात हलवत परततो. पुढची सगळी यादी त्या एका जागी हालचाल न करता बसता यावं म्हणूनच आहे.

निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण मादी होऊन त्याला बोलावतो, म्हणजे रीत उलटी करतो. त्यामुळे त्याच्या वाटेत शक्य तेवढ्या कमी अडचणी असाव्यात. मध्ये ओढा, तारेचं कुंपण किंवा दाट झुडूप असलं की तो पलीकडेच थांबून गॉबल करत राहतो. त्याच्या पातळीवर किंवा किंचित वर बसा. उतारावरून खाली बोलावणं अवघड जातं. रातथाऱ्यापासून शंभर-दीडशे यार्ड पुरे, त्याहून जवळ गेलात तर पानं नसलेल्या फांदीवरून तो तुम्हाला पाहील. आणि अशी जागा निवडा की तो दिसायला लागेल तेव्हाच पल्ल्यात असेल. शेताच्या मोकळ्या कडेपेक्षा रानवाटेचं वळण किंवा टेकाडाचा उंचवटा बरा, कारण मादी कुठे आहे ते पाहायला त्याला तिथवर यावंच लागतं.

कॉलची साधनं दोन पुरेत. बॉक्स कॉल म्हणजे लाकडी डबी आणि तिच्यावर एका टोकाला खिळलेलं लांब झाकण. खडू लावून झाकण कडेवर हलकेच ओढलं की आधी बारीक, मग जाडसर होत जाणारा सूर निघतो, तोच मादीचा येल्प. पावसात खडू आणि लाकूड भिजलं की आवाज बसतो, म्हणून डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. दुसरा तोंडात धरायचा डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडद्याची पट्टी, कारण शेवटच्या क्षणी दोन्ही हात बंदुकीवर असतात. हा टाळूला चिकटवून वाजवायला आठवडे लागतात; कामावर जाता-येता गाडीत सराव करा. येल्प, क्लक (एकच छोटा ठोका) आणि मऊ पर्र (घुरघुर), एवढं नीट आलं की थांबा. टक्-टक् असा तुटक, कडक पट् मात्र चुकूनही नको, ती धोक्याची हाक आहे. नर गॉबलने उत्तर देत जवळ येत असेल तर कॉल कमी करत न्या. तो गप्प झाला म्हणजे गेला असं नाही. बहुतेकदा तो चालत येत असतो. पुष्कळ जण याच वेळी उठतात.

डिकॉय, म्हणजे आमिषाचे खोटे पक्षी, न्यायचे तर एक मादी आणि एक जेक, म्हणजे वर्षाचा तरणा नर. १५ ते २० यार्डांवर मोकळ्यात लावा, जेकचं तोंड तुमच्याकडे. मोठा नर सहसा जेकच्या समोर जाऊन उभा राहतो, म्हणजे त्याची पाठ तुमच्याकडे आणि उघडलेला पिसारा मध्ये आडवा येतो. तेवढ्यात बंदूक सावरून घेता येते.

बंदूक बारा किंवा वीस गेजची शॉटगन, टर्कीसाठीचा घट्ट चोक, म्हणजे छर्रे फार पसरू न देणारं नळीचं अरुंद टोक, लावलेली. नेम डोक्यावर आणि मानेवर घ्यायचा असतो, कारण अंगावरची दाट पिसं आणि छातीचं मांस छर्ऱ्यांना अडवतं आणि पक्षी जखमी होऊन निसटतो. त्यामुळे हंगामाआधी ज्या काडतुसाने शिकार करणार तेच कागदावर उडवून पाहा. ४० यार्डांवर दहा इंचांचं वर्तुळ काढा आणि त्यात सुमारे शंभर छर्रे बसतात का ते मोजा. बसत नसतील तर तुमचा पल्ला ३० यार्ड आहे असं समजा आणि रानात तोच पाळा. टंगस्टनची नवी काडतुसं शिशापेक्षा बरीच जड असतात, बारीक नऊ नंबरचे छर्रेही दूरवर जोर राखतात. महाग आहेत, आणि त्यांच्या भरवशावर साठ यार्डांवर झाडणारे लोक बघितले की राग येतो. अंतर ओळखण्यासाठी बसल्या जागेवरून तीन-चार झाडं रेंजफाइंडरने आधीच मोजून लक्षात ठेवा.

टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर भयंकर आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने मागचा थोडा भाग सोडून सगळीकडचं दिसतं, आणि रंगही दिसतात. तेव्हा चेहऱ्याला जाळी, हातमोजे, अंगभर कॅमो. बसायला जाड गादी असलेलं टर्की व्हेस्ट घ्या, यात काटकसर नको. कंबर दुखली की माणूस चुळबुळतो आणि चुळबुळ केली की पक्षी गेलाच. लाल, पांढरा, निळा यांपैकी कोणताही रंग अंगावर नको, अगदी मोज्यांचा काठ किंवा खिशातला रुमालसुद्धा. फुललेल्या नराचं डोकं नेमकं याच तीन रंगांचं असतं.

सुरक्षेचं इथे सविस्तर सांगतो. वसंतातले अपघात बहुतेक असे होतात की एक शिकारी पक्षी समजून दुसऱ्या शिकाऱ्याकडे सरपटत जातो. म्हणून आवाजाच्या दिशेने दबकत जाऊ नका, बसूनच बोलवा. पाठ टेकायला खांद्यांपेक्षा रुंद बुंधा निवडा. दुसरा माणूस दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका. मोठ्याने, स्पष्ट शब्दांत ओरडा. सकाळ वाया गेली तरी चालेल. सार्वजनिक रानात नराचा गॉबल कॉल वाजवू नका, आणि पिसाऱ्याआड लपून पक्ष्याकडे सरकण्याची जी टूम निघाली आहे ती तर नकोच. मारलेला पक्षी किंवा डिकॉय नेताना केशरी कापडात गुंडाळा. आणि डोकं, दाढी, मागे काय आहे, हे तिन्ही दिसल्याशिवाय बंदुकीचा चाप अडवणारी सेफ्टी उघडायची नाही. घरी कुणाला तरी गाडी कुठे लावली ते कळवून ठेवा. मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्टच्या दऱ्यांत फोनला रेंज नसते.

मिसूरीत एप्रिल-मे म्हणजे गोचिडांचा महिना. ०.५ टक्के परमेथ्रिन कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळू द्या. ते कातडीवर लावायचं नसतं, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवा. पॅन्ट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर अंगभर तपासा. पाठीवर एक पांढरा ठिपका असलेली लोन स्टार गोचीड चावली तर काही जणांना अल्फा-गॅल नावाची ॲलर्जी जडते आणि मटण खाल्ल्यावर काही तासांनी गांध्या उठतात, कधी श्वासही अडकतो. मटण कायमचं बंद होऊ शकतं, ही आपल्या घरांत छोटी गोष्ट नाही. तीन पानांची पॉयझन आयव्हीही त्याच बुंध्यांवर चढलेली असते. टॉर्च लावून बघितल्याशिवाय पाठ टेकू नका.

त्या पहाटे साडेतीनला उठा. बॅग रात्रीच भरलेली असू द्या: परवाना, पाणी, लहान टॉर्च, चाकू, केशरी कापड, दोरी, छाटणीची कात्री. अंधार असतानाच जागेवर पोहोचा आणि उजाडताना एक-दोन मऊ येल्प करून गप्प राहा. खाली उतरल्याबरोबर नराला खऱ्या माद्या भेटतात आणि तो त्यांच्यामागे जातो, तेव्हा निराश होऊन गाडीकडे वळू नका. नऊ-साडेनऊनंतर माद्या एकेक करून घरट्याकडे जातात आणि तो एकटा पडतो. पहाटे ज्या बाजूला गॉबल ऐकलं होतं, तिकडे हळू सरकून पुन्हा बसा. जवळ आल्यावर तो ओरडेलच असं नाही. आधी थुंकल्यासारखा बारीक आवाज, मग छातीत जाणवणारी खोल घुमारी, इतकी मंद की आपणच कल्पना करतोय असं वाटतं. ती ऐकू आली की तो पन्नास-साठ यार्डांच्या आत आहे. डोळे सोडून काही हलवू नका. पिसारा पूर्ण फुललेला असताना मान आखडलेली असते. एक क्लक करा, तो मान उंच करतो, तेव्हा ट्रिगर दाबा.

पक्षी पडला की सेफ्टी लावून चटकन जा, पाय घट्ट धरा; मोठ्या नराच्या पायामागचा काटा हाताला खोल लागतो. परवान्यावर तारखेची खाच तिथेच पाडायची, गाडीपाशी जाऊन नाही. त्याच दिवशी रात्री दहाच्या आत टेलिचेक या खात्याच्या नोंदणी सेवेवर फोनने किंवा एमओ हंटिंग ॲपवरून नोंद करायची. मे महिन्यात ऊन लवकर चढतं, म्हणून आतडी लगेच काढून पोटात बर्फाच्या पिशव्या घाला; कूलर गाडीत असलाच पाहिजे. छातीचं मांस आडवं कापून, मीठ-हळद-आलं-लसूण लावून सुकं करता येतं, पण जास्त शिजवू नका, त्यात चरबी नसल्याने ते कोरडं पडतं. तंगड्या बरेच जण टाकून देतात, ते मला पटत नाही. कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवा, मांसातून काड्यांसारखे कडक स्नायूबंध ओढून काढा, छर्रे बोटांनी चाचपून वेचा, आणि त्याच पाण्यात भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण घालून तांबडा रस्सा करा.