महागडी स्पोर्ट सेडान आणि सर्व्हिस सेंटर : नागपूरकरांनो, या चुका टाळा

साठ-सत्तर लाखांची गाडी घेताना माणूस रंग ठरवायला महिना लावतो आणि पहिल्या सर्व्हिसच्या दिवशी ड्रायव्हरच्या हाती किल्ली देऊन मोकळा होतो. वर्धा रोडला, सिव्हिल लाइन्सला अशा गाड्या आता रोज दिसतात. त्यांच्या मालकांचे मला फोनही येतात, आणि तक्रारी त्याच त्या असतात. गाडी बिघडली यापेक्षा ती बिघडल्याचं कुठे लिहून ठेवलं नाही, हेच बहुतेकांना महागात पडलेलं असतं.

जॉब कार्डवर तक्रार न लिहिता सही करणं

सगळ्यात जास्त पैसे या चुकीपायी जातात, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी तुम्ही पाच-दहा मिनिटं बोलता, तो मान डोलावतो आणि जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहितो ‘जनरल चेकअप’. गाडीखाली पाना घेऊन उभ्या असलेल्या टेक्निशियनला तुमचं बोलणं कळत नाही. त्याच्यापर्यंत कार्डवरची ती ओळच तेवढी पोचते.

लक्ष्मीनगरातल्या माझ्या एका डॉक्टर मित्राची जर्मन सेडान वॉरंटीत होती. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना पुढच्या डाव्या चाकापाशी ‘टक’ असा आवाज यायचा. दर सर्व्हिसला तो तोंडी सांगायचा, ‘भाऊ, समोरून आवाज येऊन राहिला.’ अ‍ॅडव्हायझर एक चक्कर मारून यायचा. ‘सर, नॉर्मल आहे. लो प्रोफाइल टायर आहेत ना, बाजू बुटकी असते त्यांची.’ डॉक्टर ओपीडीच्या घाईत निघून जायचा. वॉरंटी संपली आणि पुढच्याच सर्व्हिसला तेच सेंटर म्हणालं, चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर कंट्रोल आर्मचे रबरी बुश फाटलेत, दोन्ही बाजूंचे आर्म बदलावे लागतील. एस्टिमेट लाखाच्या वर गेलं.

‘अरे, मी तर केव्हापासून सांगून राहिलो!’

‘सर, रेकॉर्डला नाही.’

खरंच नव्हतं. आम्ही त्याची सगळी जुनी जॉब कार्डं मागवली आणि त्याच्या टेबलावर ओळीने मांडली. तक्रारीच्या रकान्यात एकीकडे ‘पीरिऑडिक सर्व्हिस, वॉशिंग’, दुसरीकडे ‘कस्टमर व्हॉइस : निल’, आणि प्रत्येक कार्डखाली त्याची स्वतःची सही. कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्र लिहिलं, महिनाभर पाठपुरावा केला, शेवटी मजुरीत थोडी सूट मिळाली. पार्टचे पैसे त्यालाच भरावे लागले. वॉरंटीत असताना ती तक्रार एकदा जरी नीट लिहिली गेली असती, तर मुदत संपल्यावरही दावा लावून धरता आला असता.

माझी सवय सांगतो. गाडी द्यायच्या आदल्या रात्री सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करतो आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला त्याची प्रत पाठवतो. त्यात असं लिहितो : ‘इंजिन थंड असताना, ताशी १० ते १५ किलोमीटर वेगात, स्पीडब्रेकरवरून उतरताना, पुढच्या डाव्या चाकापाशी एकदाच टक असा आवाज येतो.’ दुसऱ्या दिवशी हेच वाक्य जसंच्या तसं कार्डवर चढल्याशिवाय सही करत नाही, आणि सही केल्यावर कार्डाचा फोटो काढतो. मग टेस्ट ड्राइव्ह. ती टेक्निशियनसोबत करायची, अ‍ॅडव्हायझरसोबत नाही. स्टिअरिंगवर आपण, शेजारी तो, आणि आवाज जिथे हमखास येतो तो ब्रेकर आधीच हेरून ठेवलेला. एवढं करूनही ‘नॉर्मल आहे’ असं उत्तर आलं, तर तेच इन्व्हॉइसवर लिहून द्या म्हणायचं. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा गाडी पुन्हा लिफ्टवर चढते.

याला अर्धा दिवस लागतो. ज्याला तेवढा वेळ नाही, त्याने ही गाडी घ्यावी का, हा प्रश्न मी तोंडावर विचारतो आणि लोकांना त्याचा राग येतो. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी मात्र अशी एक पूर्ण तपासणी करून घ्याच.

एरर कोड स्वतःच पुसून टाकणं

ऑनलाइन हजार-दीड हजाराचा स्कॅनर मागवायचा, इंजिनचा दिवा लागला की गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसायचा आणि ‘ठीक झाली’ म्हणायचं. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनवरचा भार अशा नोंदी साठवलेल्या असतात, त्याही पुसल्या जातात. मग सेंटरला दाखवायला काही उरत नाही. दिवा लागला की स्क्रीनचा फोटो घ्या, त्यात किलोमीटर दिसू द्या, आणि बॅटरीच्या टर्मिनलला हात लावू नका.

‘उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा’

हा सल्ला ज्याने कोणी पसरवला, त्याने बरेच टायर खाल्ले. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५-४६ च्या आसपास असतो. गरम झाल्यावर हवा वाढते, टायर फुटेल, म्हणून आधीच चार पॉइंट कमी ठेवायची, असा हिशेब लोक करतात. प्रत्यक्षात उलटं घडतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्या दबण्यातून उष्णता तयार होते आणि आतले थर सैल होतात. शिवमडक्याला समृद्धीवर चढायचं, १२० च्या मर्यादेत का होईना तासन् तास काँक्रीटवर पळायचं आणि टायरमध्ये हवा कमी, हे जीवाशी खेळणं आहे. यात दुसरी चूक जोडली जाते : वाटेत पंपावर थांबून गरम टायर तपासायचा, आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची. धावताना दाब वाढणारच, कंपनीने तो हिशेबात धरलेला असतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं. गाडीत किती माणसं आणि किती सामान आहे त्यानुसार पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे त्यावर दिलेले असतात. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना, तेवढी हवा भरा. मी डिकीत स्वतःचा गेज ठेवतो, कारण दोन पंपांचे आकडे कधी जुळत नाहीत.

टायरच्या बाजूवरचे तारखेचे चार आकडेही बघा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी आपल्या उन्हात रबर आधी म्हातारं होतं. रन-फ्लॅट टायर असेल तर पंक्चर झाल्यावर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटरच जाता येतं, तेही कंपनीने छापलेल्या अटींवर. आणि चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर एकच नवा टायर आणि तीन झिजलेले, असं करू नका. घेरातल्या फरकाचा ताण पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो.

सिमेंट रोडच्या कडेला जिथे पेव्हिंग ब्लॉक सुरू होतात तिथला उंचवटा तिरका चढू नका. लो प्रोफाइल टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा येतो, आणि तो आला की टायर बदलण्याला पर्याय नाही.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघणं

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूर विसरलेलं नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्तीत शिरलं. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागात पोर्चमध्ये उभ्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या.

त्या भागात राहणाऱ्या माझ्या एका परिचिताची स्पोर्ट सेडान त्यातच होती. दुपारपर्यंत पाणी उतरलं. मी फोनवर सांगितलं, ‘काका, बटणाला हात लावू नका, किल्लीसुद्धा गाडीजवळ नेऊ नका.’ काकांनी ऐकलं, पण त्यांच्या पुतण्याला धीर नव्हता. ‘बघू तरी, चालू होते का’ म्हणत त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि बटण दाबलं. एकदा ‘ठक्’ असा आवाज झाला, नंतर इंजिन हललंच नाही.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की तो पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काकांच्या इंजिनमध्ये तेच झालं. पॉलिसी झीरो डेप, म्हणजे पार्टची घसारा-कपात न करणारी, होती, पण इंजिन प्रोटेक्शन हे जादा संरक्षण घेतलेलं नव्हतं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पुराचं नुकसान मान्य केलं : कार्पेट, सीट, वायरिंग. इंजिन मात्र वेगळं काढलं, कारण ते पुराने गेलं नाही, पाणी असताना सुरू केल्याने गेलं. नियमाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. बटण दाबलं नसतं, तर इंजिनमधलं पाणी काढून, तेल बदलून, साफसफाईवर ते वाचण्याची चांगली शक्यता होती.

नवशिक्यांच्या उतावळेपणाचा मला खरा राग येतो तो इथे. पाच सेकंदांच्या उत्सुकतेपायी आख्खं इंजिन जातं.

गाडी बुडाली तर आधी दारावर, सीटवर उमटलेल्या चिखलाच्या रेषेचे फोटो घ्या. पाणी कुठवर चढलं होतं याचा तोच पुरावा, म्हणून सर्व्हेअर येईपर्यंत गाडी धुऊ नका. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे चारही चाकं वर घेणाऱ्या सपाट ट्रकवरच, न्या. ऑटोमॅटिक गाडी, त्यातही चारही चाकांना ताकद जाणारी, दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सचंही नुकसान होतं. सेंटरला पहिल्याच दिवशी सीट आणि कार्पेट काढायला लेखी सांगा. कार्पेटखालचा फोम पाणी धरून ठेवतो, आणि बऱ्याच गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल, वायरिंगचे जोड तिथेच असतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते, त्यामुळे एस्टिमेटची प्रत हातात असू द्या. आणि पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी इंजिन प्रोटेक्शन कापून काही हजार वाचवू नका. पूर येत नाही अशा वस्तीतही रस्त्यावरच्या पुलाखाली पाणी साचतंच.

थोडक्यात सांगण्यासारख्या

‘गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं’ यावर विश्वास ठेवू नका. बीएमडब्ल्यूसह कितीतरी ब्रँडच्या गाड्यांत झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स असतो. तो बनवणारी झेडएफ स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदलायला सांगते. तेलाची प्लॅस्टिकची टाकी आणि फिल्टर बहुतेकदा एकच भाग असतो, त्यामुळे नुसतं तेल काढून नवं ओतणाऱ्याकडे जाऊ नका.

बॅटरी बदलली की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते, आणि एजीएम प्रकारच्या बॅटरीच्या जागी एजीएमच बसवावी लागते.

ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. ते हवेतला ओलावा ओढून घेतं.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन असली बिलाची शेपटं मी सही करायच्या आधी खोडतो.

पहिल्याच वर्षी रीमॅप करून घेणाऱ्या, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घेणाऱ्या, पोरांना माझं एकच सांगणं असतं : आधी या गाडीचे ब्रेक, टायर आणि तिचं मूळ रूप वर्षभर ओळखा. शंभराचा वेग पाच सेकंदांच्या आत गाठणारी गाडी तुम्हाला कमी पडते आहे असं वाटत असेल, तर ती तुम्ही अजून चालवलेलीच नाही. शिवाय सॉफ्टवेअर पुन्हा मूळचं केलं तरी कंपनीच्या कॉम्प्युटरला त्याचा माग लागू शकतो, आणि मग वॉरंटीचा दावा अडतो.

दिल्लीची स्वस्त डिझेल सेडान बघायला जाणार असाल तर आधी दोन गोष्टी मागा : कंपनीच्या सिस्टिममधून काढलेला सर्व्हिसचा इतिहास आणि आरटीओचं ना हरकत पत्र. तिथे दहा वर्षांच्या डिझेलवर बंधनं आली म्हणून त्या इकडे स्वस्तात येतात, आणि एमएच-३१ किंवा एमएच-४९ चा नंबर लावताना इथला कर वेगळा भरावा लागतो.

सेंटरशी भांडण, आणि गाडी ताब्यात घेणं

आवाज चढवून काही मिळत नाही. अ‍ॅडव्हायझर हा पगारी माणूस, त्याच्या हातात फार काही नसतं. उद्या काम पुन्हा त्याच्याकडेच पडणार आहे. आधी सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचा ग्राहक विभाग, सगळं ईमेलवर आणि प्रत्येक ईमेलमध्ये जॉब कार्डचा नंबर. तरीही दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. ग्राहक आयोगाकडे जायचं असेल तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ‘करतो सर, बघतो सर’ यातच ती निघून जाते.

पार्ट बाहेरून यायचा असेल आणि गाडी चालण्याजोगी असेल, तर ती सेंटरच्या आवारात सोडू नका. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर उभी राहून बॅटरी उतरते, डॅशबोर्डची कातडी ताणते. पार्टचा ऑर्डर नंबर आणि अंदाजे तारीख लिहून घ्या, आणि पार्ट आल्याचा फोन आल्यावरच गाडी आत द्या.

ताबा घेताना घाई करू नका. संध्याकाळी सातला ‘सर, गाडी रेडी आहे’ असा फोन आला तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी जातो. ट्यूबलाइटखाली दारावरचा ओरखडा दिसत नाही, उन्हात दिसतो. चारही रिम हात फिरवून बघतो, बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगतो, त्याच टेक्निशियनला शेजारी बसवून तोच ब्रेकर पुन्हा ओलांडतो. बिल त्यानंतर भरतो.