उन्हाळ्याच्या तोंडावर पॉलिहाऊसचा पेपर तपासून घ्या

ऊन चढू लागलं की पॉलिहाऊसच्या पेपरचा, म्हणजे सांगाड्यावर ताणलेल्या प्लास्टिकच्या आच्छादनाचा, खरा कस लागतो. पीक, ठिबक, फवारणी यांकडे आपण रोज बघतो. डोक्यावरच्या २०० मायक्रॉनच्या थराकडे मात्र तो फाटल्यावरच मान वर होते. म्हणून याच आठवड्यात शिडी लावा आणि पेपर सांगाड्याच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर टेकतो तिथे बोटाने दाबून बघा. धड पेपर ताण घेतो. उन्हाने खाल्लेला पेपर पिवळट, कडक झालेला असतो आणि दाबताच चुरचुरत तडकतो.

तो तिथेच आधी का जातो? अतिनील किरणं पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात आणि तापलेला पाइप त्या तुटण्याला वेग देतो. नवा पेपर चढवताना पाइपचा वरचा भाग पांढरा रंगवा, रंग पूर्ण वाळू द्या. पेपर आधीच चढलेला असेल तर पाइपच्या रेषेवर बाहेरून पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा पट्टा मारा. रंग पाण्यात मिसळणाराच घ्या. थिनरचा रंग पेपरलाच मारतो.

दुसरा शत्रू आपणच आत नेतो, तो म्हणजे गंधक. पेपरात ऊन सोसण्यासाठी यूव्ही स्टॅबिलायझर घातलेला असतो. त्यातला नेहमी वापरला जाणारा प्रकार गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधांनी निकामी होतो आणि तीन-चार वर्षांचा पेपर त्याआधीच हात टेकतो. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली तर गंधक टाळा असं मी म्हणणार नाही, पीक आधी. पण फवारा पेपरवर जाऊ देऊ नका, नंतर पडदे उघडून हवा खेळू द्या. नवा पेपर घेताना हमीपत्रातली गंधकाची पीपीएम (दशलक्षात किती भाग) मर्यादा वाचा. गंधकाची धुरी नेहमीची असेल तर विकत घेण्याआधीच तसं सांगा.

पेपर बदलायचाच असेल तर तो कोणता उजेड आत सोडतो हे आधी विचारा. झाडाला अन्न करायला ४०० ते ७०० नॅनोमीटरचा उजेड लागतो. त्याखालचा अतिनील भाग अडवणाऱ्या पेपरखाली पांढरी माशी आणि फुलकिडे कमी येतात, कारण त्या उजेडावरच ते वाट शोधतात. लाल गुलाबाच्या पाकळ्या काळवंडणंही कमी होतं. पण मधमाशीलाही तोच उजेड लागतो, म्हणून परागीभवन तिच्यावर सोपवलं असेल तर हा पेपर नको. वांग्याचा जांभळा रंगही त्याखाली फिका पडतो. कडक उन्हात पानं करपत असतील तर प्रकाश पसरवणारा, म्हणजे डिफ्यूज पेपर बरा. खालच्या पानांनाही उजेड पोचतो. थेंब न पडू देणाऱ्या पेपरची खुणेची बाजू आतच हवी. उलटा चढला तर त्या गुणाचा उपयोग शून्य.

बेडवर माती झाकायला अंथरतो त्या मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर, काळी खाली. चंदेरी बाजूवरून परतलेल्या उजेडाने मावा बिचकतो, काळ्या बाजूखाली तणाला उजेड मिळत नाही. लव्हाळा हे तण मात्र पेपर भोसकून वर येतं. उन्हात आपोआप तुटणारा मल्च मी सुचवत नाही. बेडवरचा भाग तुटून तुकडे होतात, पण मातीत दाबलेल्या कडांना ऊनच लागत नाही. पुढच्या नांगरटीला त्या तशाच्या तशा वर येतात आणि बारीक तुकडे रानात राहतात ते राहतातच. साधा पेपर घ्या, पीक निघाल्यावर कडा उकरून सगळा गोळा करा.