नाशिकहून वेळास-केळशी: आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

कोकणातल्या शांत किनाऱ्यावर आपले नाशिककर बहुतेक शनिवार-रविवार पाहून निघतात आणि भर भरतीत पोचतात. मग रुंद पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, दिसतच नाही. म्हणून दिनदर्शिकेतली तिथी पाहा. तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. वद्य पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजायचे. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फारसे मागे हटत नाही. द्वितीया ते चतुर्थी सकाळच्या फेरीला उत्तम.

कसारा घाट, पनवेल, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला या. तिथून फेरीबोटीने गाडीसकट वेसवीला उतरा, पुढे बाणकोटवरून वेळास. प्रवासातच दिवस जातो, तेव्हा दोन मुक्काम हवेत. घरगुती राहणे-जेवण आधी सांगून ठेवा, रोख जवळ असू द्या.

वेळासला कासवांच्या संवर्धनाचे काम २००२ साली सुरू झाले. ऑलिव्ह रिडलेच्या एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात, पिल्ले ४५ ते ६० दिवसांत निघतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ती सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला सोडतात, अर्थात त्या दिवशी निघाली तर! दोरीच्या अलीकडेच थांबा. पिल्ले उजेडाकडे वळतात, म्हणून फ्लॅश आणि टॉर्च बंद. वाळूतले पाऊल त्यांना खड्ड्यासारखे अडवते.

चालायला केळशीची पुळण घ्या. ओहोटीच्या तासभर आधी निघायचे, पाणी पालटले की परतायचे. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसली तर ती खेकड्यांची. वाळूतले खाणे चाळून ते गोळी टाकून देतात. हिवाळ्यात कुरव आणि चिखल्यांचे थवे असतात, त्यांच्यावर धावून जाऊ नका. खाडीच्या मुखाशी पोहू नका. ओहोटीला तिथली ओढ गोदेच्या पुरासारखीच, फक्त वरून कळत नाही. गाडी पुळणीवर नेणे तर मूर्खपणाच: चाके रुततात, भरती येते, आणि वाळूखालची घरटी चिरडतात.

दुपारी ऊन टाळायला ग्रामदेवतेची देवराई गाठा. कोकणात बऱ्याच गावांत ती राखलेली आहे. जुनाट बेहडे, सातवीण, त्यांवर चढलेली गारंबीची वेल; तिच्या शेंगा हातभर लांब. गावकऱ्यांना विचारूनच आत जा. वाळकी काटकीसुद्धा तिथून उचलत नाहीत.

किनाऱ्यावर जखमी कासव सापडले तर पाण्यात ढकलू नका. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.