ड्रोन किती उंच, किती लांब? कड्यावरून उडवण्याआधीचं गणित

चार हौशी ड्रोनवाले जमले आणि ‘कायद्याने किती उंच नेता येतो?’ असं विचारलं, की चार आकडे हमखास निघतात. ५० फूट, २०० फूट, ४०० फूट आणि ‘अरे, कोण बघतंय!’ पहिले दोन आकडे मार्च २०२१ च्या नियमांतले. त्यात २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ला १५ मीटर आणि २ किलोपर्यंतच्या ‘मायक्रो’ला ६० मीटर अशी बांधणी होती. ते नियम पाच-सहा महिनेच जगले. २५ ऑगस्ट २०२१ ला ‘ड्रोन नियम २०२१’ आले आणि मोकळ्या क्षेत्रात सगळ्यांना जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटर, ही एकच मर्यादा झाली. तरी मेलेले आकडे अजून व्हिडिओंमधून फिरतात, आणि सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की नवखा माणूस घाबरून ड्रोन झाडाच्या शेंड्यावर अडकवून येतो. चौथ्या आकड्याबद्दल एवढंच सांगतो, की नियम मोडल्याचा दंड एक लाखापर्यंत आहे.

बॅटरी, पंखे, मेमरी कार्ड हे तुम्ही बघालच. थेट कामाचं बोलू.

१. कागद

ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्या. फी १०० रुपये. नॅनोलाही तो लागतो, ‘२४९ ग्रॅमचा आहे, कागदच नको’ हे अर्धसत्य आहे. नॅनोला आणि हौसेपुरत्या मायक्रोला माफी आहे ती रिमोट पायलट प्रमाणपत्राची. विम्याची माफी फक्त नॅनोला. मायक्रो घेऊन लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन केलंत की हौस संपली, प्रमाणपत्र लागणार. आणि परदेशातल्या भावाला ‘येताना बॅगेतून आण’ असं सांगू नका, तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

२. नकाशा

‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा उघडा आणि आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघा. हिरव्यात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी नको. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल रंगात केंद्र सरकारची. मी पिवळं दिसलं की गाडी दहा किलोमीटर पुढे काढतो, एका रविवारच्या फोटोसाठी तेवढा खटाटोप मला परवडत नाही.

एक पट्टा मात्र लोकांना फसवतो. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरचा भाग नकाशात उडवण्याजोगा असतो, पण तिथे मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर. त्यावरची हवा पिवळी. अंतर मोजायचं ते हद्दीच्या भिंतीपासून. फोनच्या नकाशात ‘विमानतळ’ लिहून जी खूण येते ती टर्मिनलवर असते, तिथून मोजलंत तर दोन-तीन किलोमीटर सहज चुकतील. मागच्या वर्षीचा स्क्रीनशॉटही चालत नाही. मोपाचा विमानतळ आला, नवी मुंबईचा २०२५ मध्ये आला, आणि त्यांच्याभोवतालचे रंग बदलले.

३. उंची, आणि इथे थांबून वाचा

नियमात मर्यादा जमिनीपासून वर मोजलेली आहे. तुमच्या स्क्रीनवर ‘एच’ म्हणून जो उंचीचा आकडा दिसतो तो जमिनीपासूनचा नसतो. ड्रोन हवेच्या दाबावरून उंची काढतो आणि जिथून उडाला ती जागा शून्य धरतो. सपाट माळावर दोन्ही आकडे एकच, म्हणून सोलापूरकडच्या माणसाला यात काही अवघड वाटत नाही. सह्याद्रीत मात्र पाऊल पुढे टाकलं की जमीनच निघून जाते.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. मावळातल्या एका पठाराच्या कडेवर उभा होतो. पाऊस नुकता उघडलेला, दरीत ढग. ड्रोन उडवला आणि कडेपलीकडे, दरीवर नेला. स्क्रीनवर ५८ मीटर. मनात म्हटलं, निम्म्यावरसुद्धा नाही, अगदी कायद्यात आहोत. शेजारी गुरं राखणारे एक आबा कधीचे वाकून स्क्रीन बघत होते. त्यांनी विचारलं, “किती उंच हाय म्हणायचं?” मी ऐटीत म्हटलं, “अठ्ठावन मीटर.” आबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. खाली वाडी दिसत होती, वाडीच्या कडेला एक काळा ठिपका. “ही आमची म्हस. मुंगीएवढी दिसतीया. अठ्ठावन मीटरवरनं म्हस मुंगी हुती व्हय?”

घरी येऊन उंच्या काढल्या. पठाराची कड समुद्रसपाटीपासून ९८० मीटर, वाडी ७२०. फरक २६०. त्यात स्क्रीनवरचे ५८ मिळवा. वाडीच्या डोक्यावर माझा ड्रोन ३१८ मीटरवर होता, म्हणजे हजार फुटांच्याही वर, परवानगीच्या अडीच पटीपेक्षा जास्त. ॲपने एकदाही हूं की चूं केलं नाही. कमाल उंची १२० वर बांधलेली होती, पण ती बांधणीसुद्धा उड्डाणाच्या जागेपासूनच मोजली जाते. ‘सेटिंगमध्ये १२० टाका आणि निर्धास्त व्हा’ हा सल्ला डोंगरात फसवा आहे, तो देणाऱ्याने कडा पाहिलेला नसतो. त्या दऱ्यांतून पॅराग्लायडर उडतात, हेलिकॉप्टरं जातात. माणूस बसलेल्या विमानाचा रस्ता तुम्ही सोडायचा हेही नियमातच आहे.

तेव्हा आता मी निघायच्या आदल्या रात्री हे करतो. गूगल अर्थवर उड्डाणाच्या जागेची उंची बघून वहीत लिहितो. मग ड्रोन जिथवर न्यायचा त्या वाटेवरची सगळ्यात खोल जागा शोधतो आणि तिची उंची लिहितो. दोन्हींतला फरक १२० मधून वजा. उरेल तो आकडा माझ्या स्क्रीनची मर्यादा. जागा ७०० मीटरवर, वाटेतला ओढा ६५० वर, फरक ५०. म्हणजे ओढ्यावर असताना स्क्रीनवर ७० च्या पुढे जायचं नाही. मी प्रत्यक्षात ६० लाच थांबतो, कारण उपग्रहाच्या नकाशातली उंचीही कडेकपारीत थोडी इकडेतिकडे असते आणि दाबाचा आकडा ऊन-वाऱ्याने सरकतो. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच वजाबाकी ६० मधून.

फरकच १२० पेक्षा जास्त निघाला तर? तर कडेपलीकडे जायचंच नाही, अगदी आपल्या पायाच्या पातळीवरसुद्धा नाही. ‘मी कुठे वर नेतोय, सरळ समोर तर नेतोय’ हे मीही स्वतःला सांगून बघितलंय. ज्या जमिनीवर ड्रोन आहे ती जमीन मोजायची, तुम्ही उभे आहात ती नव्हे.

उलटा प्रकारही होतो. पायथ्याच्या शाळेच्या मैदानातून उडवून दीडशे मीटर उंच टेकडीचा माथा घ्यायचा असतो. ड्रोन उताराला धरून वर गेला तर जमिनीपासून तो कायद्यात राहतो, पण ॲप १२० ला अडवतं. मग लोक मर्यादा ५०० करून टाकतात आणि पुढच्या रविवारी सपाटीवर ती तशीच राहते. माझं मत विचाराल तर बॅग उचला, टेकडी चढा आणि माथ्यावरून उडवा. पोटही जरा कमी होईल.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मित्राने मला ‘टॉवरच्या टोकापासून आणखी ४०० फूट चालतात’ असं सांगितलं होतं. ती सवलत अमेरिकेतल्या व्यावसायिक उड्डाणांच्या नियमातली, तीही टॉवरच्या ४०० फुटांच्या आत. आपल्याकडे चालत नाही.

४. परतीची उंची

सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि मग घरी, म्हणजे उडाला त्या जागी, येतो. ती उंची १०० मीटर ठेवून ६० च्या पट्ट्यात उडवलंत तर कायदा ड्रोन स्वतःच मोडणार, तुम्ही नुसते बघत बसणार. ती तिथे ५० करा. मात्र वाटेत त्याहून उंच टेपाड, वडाचं झाड किंवा वीजवाहिनीचा मनोरा नको, नाहीतर कायद्यात राहून ड्रोन आपटेल. मध्ये तसं काही असेल तर जागा बदला.

५. अंतर

हौशी उड्डाणाला एवढेच मीटर असा आकडा आजच्या नियमांत शोधत बसू नका. कसोटी डोळ्याची आहे, कारण नजरेपलीकडची उड्डाणं हौशी माणसाला खुली नाहीत. खोक्यावर छापलेले १० किलोमीटर म्हणजे रेडिओची पोच. मी स्क्रीनवरून मान वर करतो. दोन सेकंदांत ड्रोन सापडला नाही, किंवा त्याचं नाक कुठे आहे ते कळलं नाही, तर तो लांब गेला. माझ्या डोळ्यांना छोटा ड्रोन तीनशे मीटरवर ठिपका होतो. तुमचे डोळे चांगले असतील तर थोडा पुढे न्या.

६. त्या दिवशी, त्या जागी

सकाळी नकाशा पुन्हा बघा. राज्य सरकार किंवा पोलीस ९६ तासांपर्यंत तात्पुरतं लाल क्षेत्र जाहीर करू शकतात. पालखी, विसर्जन, मंत्र्यांचा दौरा असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात. गड हिरव्या रंगात दिसला म्हणून मोकळा होत नाही. रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, राजगड राज्याच्या, आणि अभयारण्यात वन खातं. त्यांची लेखी परवानगी वेगळी लागते. गडाच्या वाटेवरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. अपघात झालाच तर ४८ तासांत पोर्टलवर कळवा.

त्या पठाराचा फोटो मी शेवटी घेतला तो खालून. वाडीत गाडी लावली, आबांच्या गोठ्यामागच्या खाचरातून ड्रोन ११० मीटर वर नेला आणि कॅमेरा कड्याकडे वळवला. वरून जो कडा नुसती रेघ दिसत होता तो खालून अंगावर आला. खालच्या कोपऱ्यात म्हैस आहे, आणि या वेळी ती म्हैसच दिसते.