भूतानी-नेपाळी मुलांना आधार द्यायचाय? आधी त्यांच्या डोक्यावरचं घरचं ओझं उतरवा

मी इचलकरंजीची, सध्या ओहायोतल्या कोलंबसमध्ये शाळेत सोशल वर्कर आहे. आमच्या मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी गाठून विचारतंच, "त्या भूतानी मुलांसाठी काहीतरी करायचंय, काय करू?" इच्छा चांगली असते, पण बहुतेकांच्या मनात चित्र चुकीचं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

१९९०च्या सुमारास दक्षिण भूतानमधल्या नेपाळीभाषक लोकांना, म्हणजे ल्होत्शाम्पांना, देशाबाहेर काढलं गेलं. पूर्व नेपाळात झापा आणि मोरङ जिल्ह्यांतल्या बेलडांगी, सनिश्चरे, खुदुनाबारी अशा छावण्यांत लाखभर माणसं बांबूच्या झोपड्यांत जवळजवळ दोन दशकं राहिली. २००८पासून त्यांना अमेरिका आणि इतर देशांत वसवायला सुरुवात झाली. आता हिशोब करा. आज नववी-दहावीत असलेला मुलगा तिथून निघाला तेव्हा आईच्या कडेवर होता, किंवा त्याचा जन्मच इथला. त्याला "छावणीत काय सोसलंस रे?" असं विचारलंत तर तो खांदे उडवेल. सोसलं ते आजीने आणि आई-बाबांनी. त्याच्या वाट्याला वेगळंच आलंय.

ते काय, तर घरचं सगळं इंग्रजी त्याच्या गळ्यात आहे. आईची डॉक्टरची वेळ, घरमालकाचं पत्र, मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) फॉर्म, विजेचं बिल. बाबा रात्रपाळीला वेअरहाऊसमध्ये. बाबांच्या रिपोर्टमध्ये काय निघालं ते बाबांच्या आधी पंधरा वर्षांच्या पोराला कळतं, आणि ते त्यांना कसं सांगायचं हेही त्यानेच ठरवायचं! झोप उडणार नाही तर काय होईल?

म्हणून समुपदेशनाच्या आधी हे काम करा. दवाखान्याची वेळ घेतानाच "नेपाळी दुभाष्या हवा" असं सांगायला आईला शिकवा. तो फुकट मिळतो. ॲफोर्डेबल केअर ॲक्ट या अमेरिकी आरोग्य कायद्याच्या कलम १५५७खालच्या नियमांनुसार तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाकडून दुभाषाचं काम करून घेता येत नाही. काउंटरवरची बाई "मुलगा आहे ना बरोबर?" म्हणाली तरी नम्रपणे अडून बसा. आणि मनाचा विषय असेल तर फोनवरचा, शक्यतो दुसऱ्या राज्यातला दुभाष्या मागा. कोलंबसमध्ये समोर येणारा माणूस कुणाचा तरी मावसभाऊ असतो. दसैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, त्याच्याच घरी टिळा लावून घ्यायला जायचं असतं. शिवाय आडनावावरून जात कळते. तिचा परिणाम काय होतो, हे आपल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

आपल्या लोकांची एक खास खोड: "अहो, ते आपलेच, हिंदूच की." थांबा जरा. त्यांत बाहुन-छेत्री (ब्राह्मण-क्षत्रिय) आहेत, राई-तामाङ अशा जमाती आहेत, बौद्ध आहेत, किरात धर्म पाळणारे आहेत, आणि बरीच घरं ख्रिस्ती झालीत. एकाच घरात आजी दसैंचा जमरा (पूजेसाठीचे जवाचे अंकुर) पेरते आणि आई चर्चला जाते, पोरगं मधल्यामध्ये. तुम्ही कुणाचीच बाजू घेऊ नका. आजी-आजोबांना सिनेमामुळे हिंदी कळतं, तिथे जरूर वापरा. पोराशी मात्र इंग्रजीतच बोला, तो ओहायोचा आहे.

घरी जाल तेव्हा बूट बाहेर, आधी वडीलधाऱ्यांना हात जोडून "नमस्ते हजुरआमा" (हजुरआमा म्हणजे आजी), मग चहा. चहा होईपर्यंत कामाचं बोलू नका. नंतरही "मानसिक आजार" वगैरे शब्द काढू नका. पोराला वेडा म्हणतील, पुढे सोयरिकीत अडेल, ही भीती तिथेही तितकीच आहे. झोप, डोकेदुखी, अभ्यास, चिडचिड यांवर बोला. तसंही मुलं येतात ती नर्सच्या खोलीत, पोट दुखतं म्हणून. ते नाटक समजू नका. दुखणं खरं असतं. डॉक्टरला दाखवा आणि बोलणंही चालू ठेवा.

बोलायला समोरासमोर खुर्च्या मांडू नका. गाडीत, फुटबॉलच्या मैदानाकडेला, मोमो वळताना जास्त निघतं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या ग्रंथात संस्कृती समजून घेण्यासाठी १६ प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे. ती घ्यायची असते प्रशिक्षित माणसाने, पण तिचा रोख आपल्याला उचलता येतो: तुझ्या मते हे कशामुळे होतंय? घरच्यांना काय वाटतं? आजवर कशाने बरं वाटलं? उत्तरात धामी-झाँकरी (नेपाळी मांत्रिक) किंवा पास्टर आला तर नाक मुरडू नका, तो काय म्हणाला ते विचारा. चालू गोळ्या बंद केल्या असतील किंवा इजा होत असेल, तरच मध्ये पडा.

हल्ली आणखी एक प्रश्न येतो: "बाबांना परत पाठवतील का?" मार्च २०२५पासून अमेरिकेने काही भूतानी निर्वासितांना भूतानला धाडलं, आणि भूतानने ठेवून न घेता त्यांना भारताच्या सीमेवर नेऊन सोडलं. मुलांना हे सगळं फोनवर दिसतं. "काही होत नाही रे" म्हणू नका, त्याला ते खोटं आहे हे कळतं. बाबा नागरिक झालेत की ग्रीन कार्डवर आहेत, जुनी काही केस आहे का, हे घेऊन कुटुंबाला इमिग्रेशन वकिलाकडे न्या.

आता अवघड भाग. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेच्या पाहणीत २००९ ते २०१२ या काळात अमेरिकेतल्या भूतानी निर्वासितांमध्ये १६ आत्महत्या नोंदल्या गेल्या. प्रमाण लाखामागे २०च्या वर, तेव्हा साऱ्या देशाचं साधारण १२. तेव्हा संशय आला तर आडवळणाने नको, सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनला फोन लावा (दुभाष्या मागता येतो), घरातली औषधं कुलपात ठेवायला सांगा, आणि पालकांना व शाळेला त्याच दिवशी कळवा. हे सांगावं लागेल हे पहिल्या भेटीतच मुलाला सांगून ठेवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका.

स्वयंसेवक व्हायचं असेल तर उन्हाळ्यातच अर्ज करा. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी यांत आठवडे जातात आणि शाळा ऑगस्टमध्ये उघडते. एकच मूल घ्या, आठवड्यातला एकच ठरलेला वार. डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जाणार असाल तर ते त्याला सप्टेंबरमध्येच सांगा.