रेनेसाँस फेअरला दोघांनी जायचंय? दुपार सांभाळा

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९७७ पासून रेनेसाँस फेस्टिव्हल, म्हणजे जुन्या युरोपाच्या थाटाची जत्रा भरते; १९८५ पासून ती ॲनापोलिसजवळ क्राउन्सव्हिलला असते. ऑगस्टच्या शेवटी सुरू होते आणि ऑक्टोबरपर्यंत शनिवार-रविवारी चालते. झाडीत वसवलेलं सोळाव्या शतकातलं इंग्रजी खेडं, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि त्याचा दरबार, कारागिरांची दुकानं, घोड्यांवरून भाले भिडवणारे सरदार असा सगळा थाट असतो. आम्ही दोघं दर वर्षी जातो. नव्यानं जाणाऱ्या जोडप्यांना जे सल्ले मिळतात ते ऐकून मला राहवत नाही, म्हणून हे लिहितेय.

तिकीट ठरावीक तारखेचं असतं, ते आधीच ऑनलाइन काढून ठेवा. सकाळी पोटभर पोहे खाऊन निघा आणि फाटक उघडायच्या सुमारास पोचा. पायात रोजच्या वापरातले, घोटा धरणारे बूट हवेत, कारण गाडी गवताच्या मैदानात लागते आणि आतली वाट मातीची आहे.

पोशाख हौसेनं करा, पण पहिल्याच वर्षी आवळून बांधायचा कोर्सेट नको. सप्टेंबरातही इथं घाम फुटतो. घोळदार स्कर्ट, सैल सुती ब्लाउज आणि कमरेला पट्टा एवढं पुरतं. कमरेला तलवार लावणार असाल तर ती म्यानातून निघणार नाही अशी बांधून ठेवावी लागते.

घरून निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र जरूर करा. राजा हेन्रीच असतो, पण गोष्ट दर मोसमात त्याच्या कारकिर्दीतल्या वेगळ्या वर्षाची असते आणि त्याप्रमाणे राणी बदलते. यंदाची राणी कोण ते बघून घ्या. हेन्रीची दुसरी बायको ॲन बुलिन असेल, तर १५३६ मध्ये तिचा शिरच्छेद होणार आहे हे ठाऊक असताना तिला गल्लीत हसत-बोलत जाताना बघणं फार वेगळं असतं. आपल्याकडच्या बहुरूप्यांसारखे हे नट दिवसभर सोंग सोडत नाहीत. तुम्ही वाकून नमस्कार केलात, तर तेही थांबून बोलतात.

आता खरी अवघड वेळ, म्हणजे साडेबारा ते तीन. ऊन चढलेलं असतं, खाण्यापुढे रांगा लागलेल्या असतात, पाय बोलायला लागलेले असतात. जोडप्यांची भांडणं मी याच वेळात बघितली आहेत, आणि दुसऱ्या वर्षी आमचंही असंच झालं. हातात कार्यक्रमांचं वेळापत्रक घेऊन मी नवऱ्याला या मंचावरून त्या मंचावर ओढत होते. त्याला काच फुंकणाऱ्यापाशी थांबायचं होतं. भट्टीतून काढलेला तापलेला गोळा नळीवर फिरवत फिरवत त्याचा प्याला होताना त्याला पूर्ण बघायचा होता. दोन वाजेपर्यंत आम्ही चार खेळांचे शेवट बघितले होते, सुरुवात एकाचीही नाही. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही.

‘दिवसभर एकमेकांसोबत राहा, सगळं मिळून बघा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते जोडप्यांचा दिवस बिघडतो तो यानंच. दुपारी तास-दीड तास वेगळे व्हा. प्रत्येकानं सकाळीच आपले दोन खेळ निवडावेत, दोनच, आणि बाकीचे सोडून द्यावेत. साडेअकराला, रांगा लागण्याआधी, जेवून घ्या. टर्कीची खारवून धुरावलेली तंगडी दोघांत एक घ्या. ती भलीमोठी असते, शिवाय खारट, त्यामुळे पाणी सोबत हवंच. मग एक वाजता आपापल्या वाटेनं जा.

वेगळं होताना भेटायची जागा बोटानं दाखवून ठरवा. ‘घोड्यांच्या मैदानापाशी’ एवढं पुरत नाही, मैदानाला चार बाजू असतात. आम्ही एकदा समोरासमोरच्या बाजूंना पाऊण तास उभे होतो, आणि गर्दीमुळे फोन लागत नव्हता. अमुक दुकानाचं दार, अमुक वाजता, उशीर झालाच तर पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही, असं पक्कं ठरवा. फोनवर विसंबू नका.

भेटल्यावर प्रत्येकानं दुसऱ्याला आपल्याला सापडलेली एकच गोष्ट दाखवायला न्यायची. एका वर्षी नवरा मला हर्डी-गर्डी वाजवणाऱ्याकडे घेऊन गेला. राळ लावलेलं लाकडी चाक मुठीनं फिरवलं की ते तारांवर घासतं. एका तारेवर गाणं वाजतं आणि खाली सूर अखंड चालू राहतो, सनईच्या मागे एक जण नुसता सूर धरून बसतो ना, तसा. माझ्या वेळापत्रकात तो नव्हताच. आम्ही तिथं अर्धा तास बसलो.

खेळ संपल्यावर टोपी फिरते, तेव्हा उठून जाऊ नका. यातल्या पुष्कळ कलावंतांच्या कमाईचा मोठा भाग त्या टोपीतून येतो. आम्ही सुट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवतो आणि दोघंही टाकतो. तलवार गिळणारे जॉनी फॉक्स इथं १९८१ पासून वर्षानुवर्षं यायचे. असे कलावंत वर्षानुवर्षं परत येतात ते लोक थांबून दाद आणि पैसे देतात म्हणून.

दिवसाचा शेवटचा भाल्यांचा सामना चुकवू नका. अर्धा तास आधी जाऊन सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, नाहीतर डोळ्यांवर हात धरून बघावं लागतं. ज्या भागात बसाल त्या भागाचा सरदार तुमचा, त्याच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडा. भाला ढालीवर फुटतो तो आवाज पोटात जाणवतो, जवळ बसा. मेरीलँडचा १९६२ पासूनचा अधिकृत राज्यखेळही जाउस्टिंग, म्हणजे घोड्यावरून भाल्याचा खेळच आहे, पण तिथं घोडा दौडवत टांगलेली कडी भाल्यात ओवायची असते.

सामना संपला की गाड्यांची एकच झुंबड उडते. त्या रांगेत शिरू नका. डिकीत साध्या चपला आणि गार पाणी ठेवलेलं असू द्या, बूट काढा, गवतात बसा आणि मैदान अर्धं रिकामं झाल्यावर गाडी काढा.